डाव्या मागच्या चाकाचा दाखला

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मास्तरीणबाईंनी ड्रायव्हिंग स्कूलचे कुलूप काढले, गाडीभोवती उजवीकडून एक फेरी घातली आणि टायरांना चपलेच्या टाचेचा एकेक ठोसा देत निघाल्या. हा त्यांचा रोजचा शिरस्ता होता. पुढचे दोन्ही टायर घट्ट होते. मागचा उजवा किंचित मऊ होता. मागच्या डाव्यापाशी मात्र टाच उचलण्याची वेळच आली नाही. त्याच्या कुशीतून लिंबाएवढा फुगा बाहेर आला होता आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तो चांगला तुकतुकीत दिसत होता. त्याच्याकडे पाहून बाईंनी जो शब्द उच्चारला, तो स्कूलच्या माहितीपत्रकात कुठेही छापलेला नव्हता.

चौदा मिनिटांत त्यांनी जॅक लावून स्टेपनी चढवली, फुग्याचा टायर डिकीत टाकला, हात साबणाने धुतले, तिन्ही आरसे पुसले आणि टपावर ‘शिकाऊ चालक’ ही पिवळी पाटी बसवली. साडेसहाचे विद्यार्थी, दातांचे डॉक्टर, येऊन उभेच होते.

दाराशी खुर्ची टाकून बाबाही बसले होते. बाबा म्हणजे बाईंचे सासरे, वय वर्षे ब्याऐंशी, स्कूलचे संस्थापक. त्यांनी आयुष्यात तीन गोष्टी निर्माण केल्या होत्या: एक मुलगा, एक ड्रायव्हिंग स्कूल आणि एक पद्धत. मुलगा जहाजावर इंजिनिअर झाला आणि वर्षातून दोनदा घरी येऊन गाडी चालवायलाच नको म्हणू लागला. स्कूल सुनेच्या गळ्यात पडले. पद्धत मात्र बाबांनी कुणाच्या हाती सोडली नव्हती. आत भिंतीवर हातभर अक्षरांत ती रंगवलेली होती: ‘टेकवा. थांबा. श्वास सोडा.’ गाडी फूटपाथच्या कडेला लावायची असेल, तर मागचे डावे चाक कडेला टेकेपर्यंत हळूहळू मागे यायचे. टेकले की थांबायचे. कशाला आरशात डोळे फोडायचे? चाक स्वतः सांगते. या पद्धतीने शिकलेला एकही विद्यार्थी चाळीस वर्षांत पार्किंगच्या परीक्षेत नापास झाला नव्हता, आणि ही गोष्ट बाबा नव्या विद्यार्थ्याला फी भरण्याआधी एकदा व भरल्यावर दोनदा सांगत. बाईंनाही त्या विक्रमाचा अभिमान होता. बावीस वर्षे त्यांनी तो सांभाळला होता.

डॉक्टर मागे आले. ठप्.

“टेकली का?” बाबांनी खुर्चीतून विचारले.

“टेकली!” डॉक्टर काचेतून ओरडले आणि त्यांनी श्वास सोडला.

“शाब्बास. दाढ काढताना असाच हात हलका ठेवत जा,” बाबा म्हणाले.

दुपारी बारा वाजता टपावरची पाटी काढून डिकीत ठेवून बाई टायरच्या दुकानात गेल्या. स्कूलची पाटी दिसली की मागचे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात, म्हणून खासगी कामाला त्या पाटीविना फिरत.

दुकानात रबराचा आणि एअर कंडिशनरचा मिळून एक वास होता. मालक काचेच्या केबिनमध्ये बसून बाहेरच्या प्रत्येक ओठाकडे लक्ष ठेवून होते. काउंटरवर टाय लावलेला तिशीतला गृहस्थ बाईंना पाहून ताडकन उभा राहिला. हा त्यांचाच विद्यार्थी. अख्खे दोन महिने दुसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नसल्यामुळे बाईंनी त्याचे नाव गोगलगाय ठेवले होते.

“बाई! तुम्ही?”

“टायर हवेत. मागचे दोन्ही. आणि तिसरा गिअर सापडला का रे तुला?”

“सापडला, बाई. पण आवडत नाही.” त्याने हसत हसत माहितीपत्रक पुढे सरकवले आणि मग, केबिनकडे एक नजर टाकून, शाळेत कविता म्हणावी तशा आवाजात सुरुवात केली. “टायरसोबत आमचा ‘सुवर्णकवच’ प्रोटेक्शन प्लॅन आहे. तीन वर्षं चिंता नाही. खिळा, काच, खड्डा, काहीही होऊ दे, टायर दुरुस्त नाहीतर नवा.”

“किती जास्तीचे?”

“दोन टायरना मिळून अर्ध्या टायरची किंमत.”

बाई विचारात पडल्या. गेल्या पावणेदोन वर्षांत मागच्या डाव्या बाजूला हा त्यांचा चौथा टायर होता. गाडी असेच टायर खात राहिली तर डिसेंबरात फी वाढवावी लागणार आणि पलीकडच्या चौकातले नवे स्कूल तर आधीच स्वस्त होते. अर्ध्या टायरच्या किमतीत तीन वर्षे डोक्याचा ताप मिटत असेल, तर वाईट काय?

पण त्या बाबांच्या सुनेप्रमाणेच एका कारकुनाची मुलगीही होत्या. स्कूलच्या खिडकीत त्यांनी एक काचेची बरणी ठेवली होती आणि गाडीच्या टायरमधून निघालेला प्रत्येक खिळा त्या बरणीत टाकत. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना ती दाखवून त्या म्हणत, “रस्ता एवढाच वाईट आहे. बाकी सगळं आपण करतो.” अकरा वर्षांत बरणीत सात खिळे जमले होते. सातांतले पाच पंक्चर काढून भागले होते.

“खिळा धर, मान्य,” त्या म्हणाल्या. “फुगा आला तर?”

गोगलगायीचा चेहरा एकदम दुसऱ्या गिअरमध्ये गेला. “कशामुळे आला त्यावर आहे, बाई.”

“म्हणजे?”

तेवढ्यात आतून फिटरने हाक मारली. डिकीतला टायर आणि गाडी दोन्ही त्याच्या ताब्यात होती. हा फिटर वयाने पन्नाशीचा, बोलायला मोकळा, आणि बाई कोण हे त्याला ठाऊक नव्हते.

“या हो काउंटरवाले! आणखी एक आलं बघा त्या शाळेचं!” त्याने फुग्याच्या टायरवर ओला फडका फिरवला. कुशीवर, सगळ्या गोलाईभर, बोटभर रुंदीचा घासलेला पट्टा उमटला होता. “दाखला! अस्सल! मागचं डावं चाक, बाहेरची बाजू. ताई, तुम्ही त्या ‘टेकवा-थांबा’वाल्यांकडं शिकलात ना?”

“का हो?” बाईंनी विचारले.

“अहो, त्यांचं पोर हजारात ओळखू येतं. बाकीचे लोक टायर चारी बाजूंनी झिजवतात, हे लोक एकाच जागी. दिवसातून चार वेळा फूटपाथचा मुका घेतात!” त्याने भिंतीकडे बोट दाखवले. तिथे टाकाऊ टायरांची एक वेगळी चळत होती आणि वरच्या टायरवर खडूने ‘शाळा’ असे लिहिले होते. “आतले दोरे तुटतात, मग येतो फुगा. आम्ही म्हणतो, त्या मास्तराला वर्षातून एकदा कमिशन पाठवायला हवं. मालक तयार नाहीत.”

गोगलगाय जमिनीकडे पाहत होता. जमिनीने दुभंगून आपल्याला आधी घ्यावे की फिटरला, हे त्याचे ठरत नसावे.

“मास्तर नाही, मास्तरीण,” बाई म्हणाल्या. “मीच ती.”

फिटरने फडका खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि एकदम अत्यंत तन्मयतेने तोच टायर पुन्हा पुसू लागला.

बाई चळतीजवळ गेल्या. वाकून त्यांनी एकेक टायर मोजला नाही, पण पाहिला. प्रत्येकावर तोच पट्टा, तीच रुंदी, जणू एकाच फळ्यावरून उतरवलेला धडा. बावीस वर्षे त्यांनी शिकवले होते आणि इतक्या इमानाने काम करणारे विद्यार्थी कुठल्याही शिक्षकाला हेवा वाटावा असे होते.

“आधी का नाही बोललास?” त्यांनी हळूच विचारले.

“कसं बोलणार, बाई? तुम्हीच शिकवलंत.” गोगलगायीने केबिनकडे पाठ केली. “प्लॅन खोटा नाही. बांधकामावर जाणारे कंत्राटदार घेतात आणि वर्षात तीनदा वसूल करतात. त्यांना मी बिनधास्त देतो. पण चाक कडेला घासलेलं दिसलं की प्लॅन हात वर करतो. पान चार, खालून दुसरी ओळ. तुमच्या अकरा जणांना मी विकलाय. अकराही जण फुगा घेऊन परत आले. एक बाई तर मला सगळ्यांसमोर चोर म्हणून गेल्या.”

“मग मला का सांगत होतास?”

“ते बघताहेत ना.” त्याने मान न वळवता केबिन दाखवली. “पण तुम्हाला विकला असता, तर माझ्याच नजरेत मी पुन्हा पहिल्या गिअरवर आलो असतो, बाई.”

केबिनचे दार उघडले. “बाईंचा प्लॅन झाला का हो?” मालकांनी गोड आवाजात विचारले.

“प्लॅन नको,” बाई म्हणाल्या. “यांनी पान चारसकट सगळं नीट समजावून सांगितलं. असा माणूस काउंटरला ठेवलात, चांगलं केलंत. मी माझी माणसं टायरला इथंच पाठवीन. हवा तेवढी बरोबर भरा.”

मालकांना हे कौतुक आवडले की नाही ते कळायला मार्ग नव्हता. पान चार त्यांचे विशेष आवडते नसावे.

परतताना बाई स्कूलच्या अलीकडच्या मोकळ्या गल्लीत थांबल्या. पुढचा विद्यार्थी तीनला होता. रिकाम्या फूटपाथला त्यांनी गाडी लावली, उतरून चाक आणि कड यांमधले अंतर वितीने मोजले, पुन्हा बसल्या, पुन्हा लावली. नव्या टायरला कड लागू द्यायची नाही एवढे ठरवल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपल्यालाही हे येत नाही. बावीस वर्षे त्यांनीसुद्धा चाकालाच विचारले होते. दोनदा टेकली. तीनदा एवढी लांब राहिली की मधून हातगाडी गेली असती. एक आजोबा काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “शिकताय का? छान. या वयात धाडस लागतं.” बाईंनी त्यांचे आभार मानले.

नवव्या खेपेला खूण सापडली. डाव्या आरशात फूटपाथची रेघ मागच्या दाराच्या मुठीखाली आली की वीतभर अंतर राहते. आणखी चार वेळा त्यांनी खात्री केली. चारही वेळा वीतच.

राहता राहिले बाबा. भिंतीवर चुना फासावा, त्यांच्यापुढे फुग्याचा टायर ठेवावा, चळतीची गोष्ट सांगावी, असे सगळे त्या रात्री जेवताना बाईंच्या मनात येऊन गेले. समोर बाबा जहाजावरच्या मुलाला फोनवर सांगत होते, “चाळीस वर्षं, एकही नापास नाही. तुझी बायको अगदी माझ्यासारखं शिकवते हो.” बाईंनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कुलूप निघाले. टाच चार वेळा पडली. चारही टायर घट्ट.

“डॉक्टर,” आरसे पुसून झाल्यावर बाई म्हणाल्या, “आज दातांकडं नाही, डाव्या आरशात बघायचं. ती रेघ मुठीखाली आली की ब्रेक.”

“टेकायच्या आधीच?” डॉक्टरांनी घाबरून खिडकीबाहेर, बाबांच्या दिशेने पाहिले. “पण भिंतीवर तर...”

“भिंत गाडी चालवत नाही. या मागे.”

डॉक्टर मागे आले. रेघ मुठीखाली आली. बाईंचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर तरंगत होता, पण दाबावा लागला नाही. गाडी उभी राहिली. काहीच आवाज झाला नाही.

खुर्चीतून बाबांनी मान पुढे काढली. ते थोडा वेळ कान देऊन बसले.

“टेकली का गं, सूनबाई?”

बाईंनी काच खाली केली.

“थांबली, बाबा.”

बाबांनी जरा विचार केला, मग पेपर उघडला. बाईंनी गाडीतून उतरून चाक आणि कड यांच्यामध्ये वीत ठेवून पाहिली. अंगठा टायरला लागला, करंगळी दगडाला.

“आता श्वास सोडा, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “आणि पुन्हा एकदा.”