वीस लाख शहाण्णव हजार एकशे अठ्ठावीस

आमच्या हेडमास्तरांना, बाबारावांना, गणित येत नव्हतं. गणिताचा रुबाब तेवढा येत होता. बासष्ट साली महागाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्यांनी जाहीर केलं की आपल्याला नवी परिपूर्ण संख्या सापडली.

परिपूर्ण म्हणजे, संख्येला भाग जाणाऱ्या तिच्याहून लहान सगळ्या संख्यांची बेरीज तिच्याइतकीच यायची. सहाला एक, दोन, तीननं भाग जातो, बेरीज सहा. पुढे अठ्ठावीस, चारशे शहाण्णव, आठ हजार एकशे अठ्ठावीस. या चार कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचून बाबारावांनी पाचवी काढली: २०९६१२८. म्हणजे १०२४ गुणिले २०४७. पण २०४७ ला कशानंच भाग गेला नाही, तरच हे जमतं. बाबारावांनी एकोणीसपर्यंत भागून पाहिलं आणि थांबले. कंटाळले असतील.

तपासणी जवळ आली होती. त्यांनी युनूस पेंटरकडून ती संख्या दर्शनी भिंतीवर रंगवून घेतली. खाली स्वतःचं नाव, संख्येहून मोठ्या अक्षरांत.

सत्यशीलाबाई तेव्हा नव्यानंच रुजू झाल्या होत्या. छप्पन साली घरच्यांसोबत बौद्ध झाल्यावर त्यांनी हे नाव घेतलं होतं. बाबाराव त्यांना मुद्दाम जुन्या नावानं हाक मारत.

"गुरुजी, २०४७ ले तेवीसनं भाग जाते," त्या म्हणाल्या. "तेवीस गुणिले एकोणनव्वद."

त्यांच्या हातातल्या कागदाकडे बाबारावांनी पाहिलंसुद्धा नाही. "काशे, तुले शिवणाचा तास देल्ला ना? मंग गणितात कायले नाक खुपसतं?"

"माह्यं नाव सत्यशीला आहे. आन् भाग जातेच."

आम्ही सहा मास्तर तिथंच बसलो होतो. मी मनात गुणाकार केला. बरोबर आला. मी चहा पीत राहिलो.

तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंतीपुढे उभं राहून विचारलं, "हे कोणी तपासलं?"

"सगळ्या स्टाफनं," बाबाराव म्हणाले.

"मी तपासलं, साहेब," मागून सत्यशीलाबाई म्हणाल्या. "२०४७ ले तेवीसनं भाग जाते. बेरीज तेवीस लाख पंचवीस हजार तीनशे ब्याण्णव येते. सव्वादोन लाखांच्या वर जास्त."

साहेबांनी डायरीत भागाकार मांडला. बाकी शून्य.

"तेवीस जरा आडवी संख्या आहे, साहेब," बाबाराव घाम पुसत म्हणाले. "ती धरत नसतात."

साहेब हसले नाहीत. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, वरच्या वर्गांचं गणित सत्यशीलाबाईंकडे द्यावं.

दुसऱ्या दिवशी बाबारावांनी आम्हाला जमवलं. "चूक म्या मुद्दामच ठेवली होती. कोण पकडते, ते पाहून राह्यलो होतो."

आम्ही साही जणांनी माना डोलावल्या. कुणी तर वाहवाही म्हटलं.

सत्यशीलाबाईंनी आमच्यातल्या एकाकडेही पाहिलं नाही. खडूंचा डबा उचलला आणि नववीच्या वर्गावर गेल्या.