शेवटच्या शॉटमधला श्वास

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलेल्याला गोष्ट अर्धीच ऐकू येते, आणि ही गोष्ट तर एका श्वासाची आहे, कान जरा जवळच हवा. हसू येईल तिथे खुशाल हसा. त्या दिवशी तिथली माणसंही हसलीच होती.

तर एक बाई होती. सिनेमाच्या संकलनाचं काम करायची. चित्रीकरण झालेला सगळा पसारा तिच्यापुढे येऊन पडायचा आणि नको ते काढून टाकून ती हवं ते जोडायची. उगाच लांबलेल्या प्रसंगाची तिला दयामाया नसे, म्हणून धंद्यातली माणसं तिला कात्रीबाई म्हणायची. तिचा नवरा कॅमेरामन. त्याला सगळे खांब म्हणायचे. खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा राहिला की हलायचं नाव नाही. शॉट सुरू झाला की श्वास रोखायचा, संपला की सोडायचा, अशी त्याची रीत. लालबुंद चेहऱ्यानं तो हसायचा आणि ही म्हणायची, "अहो, एखाद दिवशी श्वास घ्यायचंच विसराल." थट्टेत म्हणायची हो. देवाच्या मनात काय आहे, ते थट्टा करणाऱ्याला कुठे ठाऊक असतं?

खांबाचा धाकटा भाऊ दिग्दर्शक. हा त्याचा पहिलाच सिनेमा, काळात मागे जाणाऱ्या माणसाचा. त्या माणसाची बहीण एका दुपारी घरातून जाते ती परत येत नाही. तिला अडवायला तो पुन्हा पुन्हा त्याच दुपारी जाऊन पोचतो. पण दर खेपेला ती दुपार आणखी काळवंडते, घरातलं एकेक माणूस त्याला ओळखेनासं होतं, आणि शेवटी तो पोचतो तेव्हा खोलीत कोणीच नसतं. एक खुर्ची, एक पडदा, बस.

हा शेवटचा शॉट खांबानं कॅमेरा खांद्यावर घेऊन काढला. तोवर त्याची छाती कामातून गेली होती. नवराबायकोखेरीज कोणाला त्याचा पत्ता नव्हता, सख्ख्या भावालासुद्धा नाही. शॉट लांबलचक, आणि श्वास काही त्याला रोखता आला नाही. त्या रिकाम्या खोलीवर त्याचा श्वास ऐकू येतो. खोल, मध्येच अडखळणारा, सरताना बारीक शीळ घातल्यासारखा. शॉट झाल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला. पुढे फार दिवस काढले नाहीत त्यानं.

आता कॅमेरामनचा श्वास आवाजात आला तर तो पुसायचा, हे त्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ध्वनीवाल्यानं तिला आठवणही करून दिली होती. बघते म्हणाली. आणि खरंच बघत राहिली. दार लावून घ्यायची, शेवटचा शॉट लावायची आणि डोळे मिटून ऐकायची. घरातले त्याचे कपडे वाटून टाकले होते, उशीचा वास गेला होता. हा श्वास तेवढा अजून ताजा होता. तिनं मनाशी ठरवून टाकलं, राहू दे. एवढ्या मोठ्या पडद्यामागे एक श्वास कोणाला खुपणार आहे? सिनेमा जिथे जिथे लागेल तिथे तिथे हेही जातील. आयुष्यभर नको ते कापणाऱ्या बाईनं पहिल्यांदाच नको ते ठेवून घेतलं.

सिनेमा पक्का करण्याआधी तो चार अनोळखी माणसांना दाखवतात आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतात. तसा दाखवायचं ठरलं. एक लहानसं सभागृह, खुर्च्यांचं कापड झिजलेलं. कात्रीबाई शेवटच्या रांगेत बसली. संकलक अशा वेळी पडदा पाहत नाहीत, माणसांच्या माना पाहतात. कोण खोकलं, कोणाची खुर्ची करकरली, कोणाच्या हातात फोन उजळला, त्यावरून कुठे कापायचं ते कळतं. मध्ये दोनचार माना लवंडल्या खऱ्या, पण शेवटच्या शॉटला एकही हलली नाही. नवऱ्याचा श्वास अंधारात सगळ्यांवरून फिरत होता आणि माणसं देवळात बसावीत तशी बसून होती.

दिवे लागले. दिग्दर्शक पुढे येऊन उभा राहिला, मोकळेपणानं बोला म्हणाला. लोक इतके मोकळेपणानं बोलले की त्या बिचाऱ्याला घाम फुटला. एका दुकानदाराचं म्हणणं, अर्धा सिनेमा त्याला आपल्या चष्म्याचं भिंगच मळलंय असं वाटत होतं, दोनदा पुसलं त्यानं. एक विद्यार्थी उठून विचारू लागला की माणूस त्याच दुपारी इतक्यांदा गेला तर त्याच घरात तो स्वतःलाच का भेटत नाही, गर्दी व्हायला हवी. त्यावर पलीकडून एक बसचालक म्हणाला की मी रोज त्याच रस्त्यानं मागे येतो, मला अजून मी भेटलो नाही. एका आजीबाईंना त्या नायकाचा राग आला होता. इतक्या वेळा आईच्या घरी गेला, पण एकदा तरी तिच्याजवळ दोन घटका बसला का, असं त्या विचारत होत्या. त्यांच्या सुनेनं त्यांना हळूच खाली बसवलं.

मग एक दातांची डॉक्टर बोलली. ती म्हणाली, बाकी सगळं सोडा, शेवटी खोलीत कोणीतरी होतं.

झालं. सगळं सभागृह त्या श्वासावर तुटून पडलं. विद्यार्थ्याच्या मते तो खुनी, त्यानंच बहिणीला मारलं आणि दाराआड दबा धरून बसला. दुकानदार म्हणाला, माणूस कसला, ते जनावर. आजीबाईंनाही तो पापी जीव वाटला. अंगावर काटा आला, असं जो तो एकमेकांना बाही सारून दाखवत होता. एका मुलीनं मैत्रिणीच्या मानेशी तोंड नेऊन तसाच श्वास काढला, अडखळत, शेवटी बारीक शीळ घालून. अगदी हुबेहूब. मैत्रीण किंचाळली आणि सगळे पोट धरून हसले.

कात्रीबाई मागच्या दारानं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर संकलनाच्या खोलीत आला तो उड्या मारतच. रात्रभर झोप नव्हती त्याला. वहिनी, तुम्ही घातलेल्या त्या श्वासानं सिनेमा तारला, असं तो सांगत सुटला. तो श्वास दुप्पट मोठा करायचा, खुर्चीमागे एक सावली टाकायची, जाहिरातीतसुद्धा तोच वाजवायचा. ती ऐकून घेत होती. त्याचं बोलून झाल्यावर तिनं पडद्यावरचं चित्र बंद केलं आणि नुसता आवाज लावला.

"भाऊजी, डोळे मिटा आणि ऐका."

पहिल्या वेळी तो मान डोलावत राहिला. तिनं पुन्हा लावला. या वेळी मात्र त्याची मान थांबली. लहानपणी दोघं भाऊ एकाच खोलीत झोपायचे. अंधारात शेजारच्या श्वासावरून दादा जागा आहे की झोपला, ते त्याला कळायचं.

"दादा?" तो म्हणाला.

तिनं होकारार्थी मान हलवली. छातीचं दुखणं, लपवलेले उपचार, सगळं तेव्हा सांगितलं. तो भावासारखाच भिंतीला टेकून खाली बसला. मग डोळे पुसून म्हणाला, "मग तर राहू द्याच, वहिनी. दादा राहील त्यात."

"राहतील. खुनी म्हणून राहतील."

"लोकांना काय कळतंय? आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं."

"काल त्या पोरीनं नक्कल केली," ती म्हणाली. "सगळे हसले. भाऊजी, तुम्हीही हसलात."

तो उठला आणि दार हळू ओढून घेऊन गेला.

मग तिनं तो श्वास कापला. एक प्रत बाजूला ठेवून दिली, नाही असं नाही. पण ती लावून पाहिली तर नुसता श्वास, कोणाचाही असावा तसा. त्या शॉटमध्ये बसलेला होता तेव्हाच तो त्याचा होता. हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

आवाज काढून टाकला की तिथे भोक पडतं. नुसती मुकी शांतता कानाला खोटी लागते. म्हणून चित्रीकरण झालं की त्या खोलीची शांतताही मुद्दाम घेऊन ठेवतात. सगळ्यांनी असतील तिथे थांबायचं, हलायचं नाही, चकार शब्द काढायचा नाही. ती शांतता तिनं श्वासाच्या जागी बसवली. बसवताना तिला आठवलं, त्या दिवशी त्याच्या काळजीनं तीही तिथे गेली होती. सगळे पुतळ्यासारखे उभे होते आणि हा भिंतीशी बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आपल्यापायी भावाची शांतता बिघडू नये म्हणून त्यानं श्वास बाहेर पडू दिला नाही. तेवढी वेळ त्याला साधली.

सिनेमा त्याच लोकांना पुन्हा दाखवला तेव्हा ते म्हणाले की शेवट पुचाट झाला, आधी दाखवला तो बरा होता. दिग्दर्शकानं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवट तसाच ठेवला. कात्रीबाई त्या दिवशी गेलीच नाही.

तेव्हा मंडळी, मागणं एवढंच. तो सिनेमा कधी पाहाल, आवडो न आवडो, शेवटी ती रिकामी खोली येईल आणि काहीच ऐकू येणार नाही. लगेच उठू नका. तिथे भिंतीशी एक माणूस तोंड दाबून बसला आहे. त्याची आठवण काढा, आणि मग सावकाश श्वास सोडून घरी जा.