बिल्ला तोडलेली साखळी

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी कुठंतरी, कुणाच्या तरी डोक्यावर, ओझं धरून लटकत असेन. म्हणून माझी गोष्ट शेवटपर्यंत वाचा. ती गोड नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. तापलेल्या लाल सळईचे तुकडे वाकवले, एकात एक अडकवले, जोडले, आणि माझी एकेक कडी तयार झाली. कारखान्यातून सोडण्याआधी मला यंत्रावर ताणून पाहिलं. मी तुटले नाही. मग माझ्या टोकाला एक गोल बिल्ला अडकवला. मी किती वजन उचलू शकते ते त्यावर कोरलं होतं. माणसाला नाव असतं, साखळीला बिल्ला असतो. बिल्ला गेला की ती कुठली, कशाच्या लायकीची, काही कळायला मार्ग राहत नाही.

मला पहिलं काम मिळालं न्हावा शेव्याला. बंदराबाहेर एका कंत्राटदाराचं आवार होतं. तिथं कंटेनरमधून आलेली अवजड यंत्रं मी उतरवायचे. खारा वारा अंग खायला यायचा, पण माणसं मला पुसायची, तेल लावायची. क्रेनवाला म्हणायचा, "ही बाई वर असली की मी खाली जेवायला बसतो." खरंच बसायचा. पाठीवरची थाप कुणाला नको असते? मलाही हवी होती.

मग घाई आली. बाहेर ट्रकांची रांग, आत आरडाओरडा. एक यंत्र कंटेनरच्या कडेला तिरकं अडकलं. ते सरळ करून मग उचलायला हवं होतं. "मार झटका," कुणीतरी खालून सांगितलं. क्रेनवाल्यानं झटका मारला. यंत्र सुटलं. सगळे खूश झाले. माझ्या मधल्या एका कडीला मात्र केसाएवढी चीर गेली होती. वरून काही दिसत नव्हतं.

ती चीर अरुंधती मॅडमनी शोधली. त्या तपासणीला यायच्या. त्यांनी माझ्यावर लाल रंगाचं पाणी लावलं, पुसलं, वर पांढरी पूड मारली, आणि त्या पुडीतून एक लाल रेघ हळूहळू वर आली. मग त्यांनी माझा बिल्ला तोडला आणि म्हणाल्या, "ही संपली. आजच गॅसकटरनं तुकडे करा. अखंड ठेवली तर कुणीतरी वापरेल."

"हो मॅडम," मुकादम म्हणाला.

मॅडमची गाडी फाटकाबाहेर गेली आणि गॅसकटर जागेवरच राहिला. कारण सरळ आहे, मित्रांनो. तुकडे भंगारात जातात. अखंड साखळीला भाव जास्त मिळतो. भंगार विकणं हा गुन्हा नाही. वितळून मी खिडकीचे गज झाले असते, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मला अखंड विकलं, आणि मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात निनादच्या दुकानात आले.

निनाद वाईट दिसत नाही. इस्त्रीचा शर्ट घालतो, सकाळी दुकानात उदबत्ती लावतो, म्हाताऱ्या माणसाला खुर्ची देतो. सडका माल विकणारे दिसायला सडके नसतात, हे आत्ताच शिकून ठेवा. त्यानं मला काळा रंग मारून घेतला. चीर रंगाखाली गेली. मग त्यानं मला दारातल्या जाड खिळ्यावर टांगलं. वर पाटी होती, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

त्या दुकानात एक रीत मी पाहिली. गिऱ्हाईक "आमच्याकडे असं काम आहे" असं बोलायला लागलं की निनाद चहाचा ग्लास पुढं करायचा. "कामाचं राहू द्या. माल बघा, पटला तर घ्या." गिऱ्हाइकाला वाटायचं, काय साधा माणूस आहे, भोचकपणा करत नाही. खरं कारण त्यानं एकदा शेजारच्या दुकानदाराला सांगितलं. "वकील बोलला मला. गिऱ्हाइकानं काम सांगितलं आणि आपल्या भरवशावर माल नेला, तर त्या कामाला तो चालला पाहिजे, ही जबाबदारी आपली. कायदाच आहे तसा. मग ऐकायचंच कशाला?"

म्हणजे बघा. कायदा होता, आणि कायद्याला बगल द्यायला चहाचा ग्लास होता.

एके सकाळी तुळशीराम आला. पनवेलच्या अलीकडच्या एका गावातला आगरी माणूस, पांढरी टोपी, खिशात चष्मा. त्यांच्या गावात जुनी विहीर आहे, तिला ते बाव म्हणतात. आजूबाजूला टॉवर उठले, त्यांच्या खोदाईच्या हादऱ्यांनी बावीचे दगड आत ढासळले, पाणी गढूळ झालं. टँकरला कंटाळून गावानं बाव साफ करायचं ठरवलं. हायड्रा क्रेन भाड्यानं येणार होती. दगड वर ओढायचे, आणि ते बांधायला खाली माणसं उतरणार. त्यात सगळ्यात पुढं तुळशीरामचा मुलगा, प्रितम.

हे मला नंतर कळलं. दुकानात तो फक्त एवढंच बोलू शकला, "शेट, आमच्या गावची बाव हाय ना, तिच्यात..."

"काका, चहा घ्या आधी. कामाचं राहू द्या," निनाद म्हणाला. "ही बघा. पोर्टची आहे. हत्ती उचलेल."

"जुनी दिसते."

"जुनं तेच सोनं, काका."

तुळशीराम हसला, चहा प्याला, आणि मला घेऊन गेला. बिलावर निनादनं लिहिलं, ‘भंगार लोखंड, जसं आहे तसं’. तोंडात हत्ती, कागदावर भंगार. तुळशीरामनं चष्मा खिशातून काढलाच नाही.

बावीच्या काठावर पोरं जमली होती. हायड्रा उभी होती. प्रितम चड्डीवर, कमरेला दोर बांधून तयार. कुणीतरी म्हणालं, "प्रितम, वर येशील तवा टिळा लावू तुला." प्रितम म्हणाला, "आधी बिर्याणी सांगा, टिळ्यानं पोट भरत नाय." मी जमिनीवर पडून ते ऐकत होते. मला बोलता येत नाही. तुम्ही कधी आपल्याला माहीत असलेली गोष्ट सांगता न येऊन पडून राहिलाय का? नसाल, तर तुमचं नशीब.

मला हायड्राच्या हुकात अडकवणार, एवढ्यात रंभा आली. प्रितमची आई. पनवेलच्या बाजारात खाडीची मासळी विकते. टोपली उतरवून ती नवऱ्याला म्हणाली, "किती ओझं झेपतं हिला? काय बोलला तो?"

"हत्ती उचलेल बोलला."

"आणि तुमी काय सांगितलंत? खाली माणसं हायत ते सांगितलंत?"

"सांगाया गेलतो. तो बोलला, कामाचं राहू द्या."

रंभाचा हात पदरावरच थांबला. "राहू द्या बोलला?"

"हां. चांगला हाय बिचारा. चा पाजला."

"अवो, बाजारात बाई येते, बोलते बालंतिणीला पायजे. मंग माझा हात शिल्या मासलीला लागत नाय. आणि ज्या दिवशी माझी कोलंबी शिली असते ना, त्या दिवशी मी पण कोणाला इचारत नाय, कोणाला पायजे म्हणून." ती मुलाकडे वळली. "प्रितम, दोर सोड. कोण खाली जायचा नाय."

"आये, क्रेनचं भाडं चढतंय."

"चढू दे. तू उतरू नको."

तिनं मला टेम्पोत टाकायला लावलं आणि नवऱ्याला घेऊन स्वतः पुढं बसली.

दुकानात गिऱ्हाइकं होती. रंभानं मला काउंटरवर टाकलं, धाडकन. निनादनं सवयीनं चहाचा ग्लास पुढं केला. "चा नको," ती म्हणाली. "ऐक. आमच्या बावीत माझा पोरगा उतरणार. त्याच्या डोक्यावरून हिनं दगड जाणार. आता तुला कललं. आता परत बोल, चालेल का."

"मावशी, बिल वाचा. भंगार लिहिलंय."

"मला बिल वाचता येत नाय. तुझं तोंड वाचता येतं. हत्ती कोण बोललं?"

निनादनं पाटीकडे बोट दाखवलं. रंभानं तिकडे बघितलंही नाही. दुकानासमोर सळयांची मोळी उचलायला एक क्रेन उभी होती, तिच्याकडे तिनं हात केला. "बरं, नको घेऊ परत. ही साखली तिला लाव. मोली वर घे. तू खाली खुर्ची टाकून बस आणि चा पी. ग्लास संपला का मी गुपचूप घरी जाते."

गिऱ्हाइकं निनादकडे बघत होती. निनाद माझ्याकडे बघत होता. त्याच्या हातातला चहा गार झाला. तो खुर्चीवर बसला नाही.

त्यानं गल्ला उघडला, पैसे परत दिले. रंभानं ते मोजले नाहीत, कमरेला खोचले. जाताना तुळशीरामला म्हणाली, "दुसरीकडं चला. आणि तिथं आधी मी बोलणार."

प्रितम वाचला. पंधरवड्यानं बाव साफ झाल्याचं टेम्पोवाल्याकडून कळलं. गोष्ट इथं संपली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण निनादनं माझे तुकडे केले नाहीत. त्यानं माझ्यावर काळ्या रंगाचा आणखी एक हात मारला आणि मला परत त्याच खिळ्यावर टांगलं.

म्हणून सांगते, मित्रांनो. आईबापांबरोबर बाजारात जाल तेव्हा गप्प बसू नका. दोर घ्या, शिडी घ्या, गॅसची नळी घ्या, दुकानदाराला मोठ्यानं सांगा की हे कशाला पाहिजे आणि याच्या भरवशावर कोण असणार आहे. त्याला ते ऐकायचं नसेल तर त्याचा चहा पिऊ नका. साखळी दिसली तर तिचा बिल्ला शोधा. बिल्ला नसेल तर तिच्याखालून जाऊ नका, आणि दुसऱ्यालाही जाऊ देऊ नका.

आज सकाळी एक गृहस्थ आले. बरोबर लहान मुलगी होती, शाळेच्या गणवेशात. त्यांनी मला हातात घेऊन वजन अजमावलं आणि म्हणाले, "आमच्या इथे ना..."

निनादनं चहाचा ग्लास पुढं केला.

आता मी त्यांच्या गाडीच्या डिकीत आहे. गाडी सुरू झाली आहे. पुढच्या सीटवर ती मुलगी गाणं म्हणते आहे. मला कशासाठी नेताहेत, ते मला माहीत नाही. कुणी विचारलंच नाही.