प्लॉट विकल्यानंतरचे पाहुणे

श्रीपाद सरांच्या प्लॉटचे पैसे खात्यावर जमा झाले आणि आठवड्याभरात आमच्या फाटकाची कडी वाजू लागली. मी लातूरला त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. त्याआधी ती कडी वाजायची ती दूधवाल्यामुळे, नाहीतर संध्याकाळी मी तेलाच्या मिलमधून परत आल्यावर. मिलच्या प्रयोगशाळेत मी सोयाबीनमधला ओलावा आणि तेल मोजते. दिवसभरात ज्यांच्याशी बोलावं लागतं ते बहुतेक नमुने आणणारे हमाल असतात, आणि त्यांना घाई असते. घरी आल्यावर सर अंगणातल्या खुर्चीवरून मान हलवायचे, मी मान हलवायचे आणि जिना चढायचे.

सर नांदेडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. तिथल्या प्राध्यापकांनी मिळून कधीकाळी विष्णुपुरीच्या मागे जमीन घेतली होती. निव्वळ खडक. राजश्रीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तिला "तुमचं माळरान" म्हणायच्या, असं सर सांगतात. काकूंना मी पाहिलेलं नाही. मी राहायला येण्याआधीच त्या गेल्या. मूलबाळ नाही. मग त्या माळरानाजवळून नवा रस्ता निघाला आणि दिवाळीनंतर एक बिल्डर स्वतः लातूरला येऊन भाव सांगून गेला. आकडा ऐकून सर आधी त्याचं काहीतरी चुकलंय असं समजले.

सह्या करायला मी त्यांच्याबरोबर नांदेडला गेले. माझं एम.एस्सी. तिथंच झालंय, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. सहीच्या आधी त्यांनी गाडी प्लॉटकडे वळवायला लावली. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसत होते. आम्ही दोघंही वाकून ते पाहत बसलो, बिल्डरचा माणूस घड्याळ पाहत उभा राहिला.

परतीच्या वाटेत सर म्हणाले की हे पैसे ते ठेवणार नाहीत. पेन्शन पुरते, घर स्वतःचं आहे. चांगल्या ठिकाणी देऊन टाकायचे. कुठे, असं मी विचारलं. बघू, घाई नाही, असं म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले.

ही गोष्ट त्यांनी दोनच लोकांना सांगितली: बँकेतल्या मॅनेजरना आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला. लातूरला तेवढं पुरतं.

सगळ्यांत आधी अमृतराव आले. औशाच्या रस्त्याला त्यांची गोशाळा आहे. आमच्याकडे देणगी मागायला आलेला माणूस पैशाचं नाव लगेच काढत नाही. आधी ओळख काढतो. मूळ गाव कुठलं, मामाचं गाव कुठलं, बायकोचं माहेर कुठलं, असं विचारत विचारत कुठंतरी नातं सापडतंच, आणि सापडल्याशिवाय पुढचं बोलणं निघत नाही. काकूंचं माहेर कंधार, आणि अमृतराव कंधारशेजारच्या वाडीचे.

"म्हंजे तुम्ही आमचे जावईच की, दाजी," ते म्हणाले. "जावयाला मागायचं नसतं, द्यायचं असतं. पण गाईसाठी मागून राहिलो, तेवढं पोटात घाला."

सर हसले. मी वर कपडे वाळत घालत होते. कोण हसतंय ते पाहायला कठड्याशी आले. मला तो आवाज ओळखू आला नाही.

त्यानंतर सप्त्याची कमिटी आली. त्यांना मंडपातल्या शेवटच्या दिवसाची पंगत हवी होती. त्यांच्यातल्या एकाची आजी सरांच्या मूळ गावची निघाली, म्हणून सर मामा झाले. मग वाचनालयवाले, मग रक्तपेढीवाले. महिन्याभरात सर दाजी, मामा, काका आणि एका तरुण मुलाचे चक्क आजोबा झाले. घरात नवे कप आले. मोठ्या डब्यात फरसाण भरलेलं असायचं. दुपारची झोप झाली की सर इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात बसायचे. मला खाली चहाला हाक मारायचे आणि ओळख करून द्यायचे: ही सृष्टी, आमच्या सासरकडची. माझं गावही कंधार तालुक्यातलंच आहे, त्यामुळे ते खोटं नव्हतं.

ते सगळ्यांना प्रश्न फार विचारायचे. गोठ्याचं छप्पर किती उंच, हवा कुठून येते. पंगतीचा भात उरला तर काय करता. वाचनालयात सगळ्यात जास्त कोणतं पुस्तक फाटतं. आणि शेवटी प्रत्येकाला, पुढच्या वेळी अमुक कागद घेऊन या, मग बोलू, असं सांगायचे. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, पैसा कुठं सगळ्यात उपयोगी पडेल ते तपासतोय. मीही तेच केलं असतं. एका रविवारी मी म्हटलं की आपण दोघं बसून सगळ्यांची तुलना करू, संध्याकाळपर्यंत निकाल लागेल. छान कल्पना आहे, असं ते म्हणाले, आणि ती त्यांनी पुढच्या रविवारवर टाकली. पुढच्या रविवारी घरी पाहुणे होते.

सिद्धराम बिराजदार माघाच्या सुमारास आले. निलंग्याच्या पलीकडे एका गावात मूकबधिर मुलांची निवासी शाळा आहे, तिचे ते मुख्याध्यापक. ओळख काढायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण त्यांचं सगळं गणगोत कर्नाटकाच्या बाजूला. कंधार नाही, सरांचं गाव नाही, काहीच जुळेना. शेवटी ते म्हणाले की मग मी तुम्हाला सरच म्हणतो. मागणी त्यांनी एकदाच सांगितली. मुलींच्या झोपण्याच्या खोलीवर पत्रे आहेत. उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत पत्रे तापलेले राहतात. मुली व्हरांड्यात झोपतात, आणि ऐकू येत नसल्यामुळे रात्री कोणी आलं-गेलं, कुत्रं शिरलं, तरी त्यांना कळत नाही. स्लॅब पडला तर दार लावून झोपता येईल. ऊन वाढायच्या आत झालं तर बरं.

सर गंभीर झाले. इंजिनिअरचा अंदाज घेऊन या म्हणाले. बिराजदार पुढच्या आठवड्यात अंदाज घेऊन आले. मग सरांनी नकाशा मागितला. मग शाळेच्या नोंदणीची प्रत. बिराजदार प्रत्येक वेळी शाळा सुटल्यावर एसटीने यायचे आणि शेवटच्या गाडीने जायचे. एकदाही कुरकुर केली नाही. सर त्यांना मुलांच्या खुणांबद्दल विचारत. पावसाची खूण कशी करतात, लबाडीची कशी, एखाद्याच्या नावाची कशी. बिराजदारांची बोटं थकेपर्यंत ते चालायचं.

शिमगा झाला. एका संध्याकाळी मी आले तेव्हा अंगणातला दिवा लावलेला नव्हता. बैठकीत बिराजदार खुर्चीतच झोपले होते. मान एका बाजूला कललेली, पायातल्या चपला तशाच, मांडीवर पिशवी. समोर चहा गार झाला होता. सर त्यांच्या पुढ्यात बसले होते. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, उठून पंख्याचा वेग हळूच एकाने वाढवला आणि पुन्हा येऊन बसले.

त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. घरात कोणीतरी झोपलेलं आहे, एवढ्यानं तो माणूस निवांत झाला होता.

माझं निदान चुकलं होतं. एवढे दिवस माझ्यासमोर सगळं घडत होतं, आणि मी भलतंच मोजत होते.

बिराजदार दचकून जागे झाले, ओशाळले आणि गाडी चुकेल म्हणून पळाले. मी कप उचलायच्या निमित्तानं थांबले.

"सर, तुम्हाला द्यायचेत की नाहीत?"

"द्यायचेत."

"मग आता कुठला कागद राहिलाय?"

त्यांनी बिराजदारांची खुर्ची सरळ केली. मग म्हणाले, "दिल्यावर ते परत येतील का, तेवढं सांग."

मी म्हटलं, "नाही येणार. त्यांना शाळा आहे."

"अमृतराव?"

"तेही नाही."

"हं," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटतं."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. व्हरांड्यात झोपणाऱ्या मुली मी पाहिल्या नव्हत्या, पण त्या झोपलेल्या माणसाच्या चपलांवरची धूळ पाहिली होती. मी हे बोलून दाखवलं. माणसं येत राहावीत म्हणून तुम्ही त्या मुलींना तिष्ठत ठेवताय, असं काहीतरी. इतकं कठोर मी सहसा बोलत नाही. सरांनी मान खाली घातली. "तू वर असतेस," ते म्हणाले, "तुला खालचा आवाज माहीत नाही. म्हणजे, नसण्याचा."

वरचाही काही वेगळा नव्हता. पण रोज खाली येऊन बसायचं म्हटलं तर आम्ही दोघं एकमेकांना पुरे पडत नव्हतो. कामाचं बोलणं संपलं की दोघंही फरशीकडे पाहायचो. पाहुणे असले की आम्हालाही बोलायला जमायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला रजा काढायला सांगितलं. बँकेत जाऊन त्यांनी सगळी रक्कम शाळेच्या खात्यावर भरली. थोडे औषधपाण्याला ठेवा असं मी सुचवलं. नको म्हणाले. थोडे ठेवले तर पुन्हा तेच सुरू होईल, आपला आपल्यावर भरवसा नाही. बाहेर आल्यावर ते बँकेच्या पायरीवर बसले. मी जवळच्या गाड्यावरून उसाचा रस आणला. बिराजदारांना फोन त्यांनी माझ्याकडूनच करवला. स्लॅबचा माणूस आजच बोलावतो, असं ते पलीकडून म्हणाले.

शाळेत छोटासा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात वर करून पंजे हलवले, आणि सगळी खोली हलत्या हातांनी भरून गेली. बिराजदार म्हणाले ही आमची टाळी. सरांनीही हात वर करून तशीच परत केली. पेपरात देऊ नका असं त्यांनी बजावलं होतं. लोकांना ती विनम्रता वाटली.

मग काहीच नाही. उन्हाळा, त्यात लग्नसराई. लोक आपापल्या घरच्या धावपळीत. मेडिकलवाल्याला कळलं तसं हळूहळू इतरांना कळत गेलं. वाचनालयवाले रस्त्यात भेटले तर मोघम नमस्कार करायचे. रक्तपेढीच्या तरुणानं आजोबा म्हणणं सोडून काका म्हणायला सुरुवात केली. बिराजदारांचा एकदा फोन आला. स्लॅब पडला, पाणी मारतोय, मुली आत झोपायला लागल्या की कळवतो. घाईत होते. सरांनी पावसाची खूण विचारली, तेव्हा ते म्हणाले की फोनवर कसं दाखवू, सर.

फरसाणाचा डबा रिकामा झाला आणि भरला गेला नाही. इस्त्रीवाला दोनदा विचारून गेला. मी पूर्वीपेक्षा लवकर यायचा प्रयत्न करायचे, खाली थोडा वेळ बसायचे. आम्ही हवामानावर बोलायचो. मग जिना.

मृगाच्या तोंडावर एका दुपारी मी मिलमधून लवकर निघाले, तर फाटकाशी अमृतराव मोटारसायकल लावत होते. मुलीचं लग्न उरकून बऱ्याच दिवसांनी आले होते, उन्हानं काळवंडले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दाजींचं काय ठरलं गं, ताई? का अजून कागदच बघून राहिले?"

मला ठाऊक होतं. खात्यावर काय उरलंय तेही ठाऊक होतं. सांगितलं असतं तर त्यांनी तिथूनच गाडी वळवली असती. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा. आत्ता उठले असतील."

ते आत गेले. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले. सरांनी आधी लग्नाचं विचारलं. मग जावई काय करतो, वरात कशी निघाली, किती गाई व्यायल्या. स्टोव्हचा आवाज आला. मग स्टोव्ह बंद झाला आणि सर स्पष्ट म्हणाले, "अमृतराव, पैसे गेले. शाळेला दिले सगळे. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

अमृतरावांची खुर्ची करकरली. "बरं केलं," ते म्हणाले. "पोरींचं काम हाय. बरं केलं." कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग ते निघाले. फाटकाशी सर वासराबद्दल काहीतरी विचारत राहिले, आणि अमृतराव एक पाय किकवर ठेवून उत्तरं देत राहिले. मग गाडी सुरू झाली.

सर कडी लावून वळले, तर मी पायरीवरच होते.

"तुला भेटले होते ना ते बाहेर? सांगितलं नाहीस?"

"नाही."

मला वाटलं रागावतील. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "चांगले तासभर बसले," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "अजून कोणाकोणाला माहीत नसेल?"

मी आठवून पाहिलं. "सप्त्याच्या कमिटीला अजून नसावं," मी म्हटलं.