पॅकेज संपेपर्यंत

आकुर्डीतल्या भिमाजीशेठच्या जिमचा हिशेब सरळ होता. जानेवारीत नाव घालणारे फेब्रुवारीत दिसत नाहीत, आणि त्यांच्याच जिवावर एसी चालतो. "देशात फिटनेसचा धंदा वाढतोय राव," शेठ सांगायचे, "माणसं मात्र वाढतायत ती कंबरेतच."

या हिशेबात न बसणारा एकच गडी, प्रज्वल. चाकणच्या कंपनीत सुपरवायझर, अंगानं ऐसपैस, पाच मुलींचे नकार पचवून आलेला. शिफ्ट सुटली की रोज हजर. त्याला घडवायचं काम वर्षालीकडे. परभणीकडची, एकेकाळची कबड्डीपटू. ती हसली की समोरच्याच्या बैठका वाढल्याच म्हणून समजा.

"मॅडम, जीव घेता का?"

"जीव ठेवा तुमच्याकडं. मला पोट पाहिजे."

"मग वडापाव तेवढा सोडा, बाकी सगळं घ्या."

त्या 'बाकी सगळं'वर वर्षाली जरा जास्तच दिवस जगली.

पण शेठचा नियम कडक. पॅकेज चालू असेपर्यंत मेंबरशी सूत जुळवायचं नाही; मागच्याच वर्षी एका ट्रेनरची नोकरी त्यापायी गेली होती. आणि वर्षालीच्या पगारावर गावाकडं भावाचं कॉलेज चालत होतं. तेव्हा तिनं ठरवलं, ठरलेलं वजन उतरलं की पॅकेज संपतंच, मग त्याला सरळ विचारू. प्रेमात पडलेल्याला सुचते तीच अक्कल तिला सुचली. तिनं घाई केली. रविवारीही बोलावलं, डब्यातल्या चपात्या कमी केल्या, वडापावच्या गाडीवरून बखोट धरून ओढून आणलं. सहा महिन्यांचं काम चार महिन्यांत उरकलं. वजनाबरोबर त्याच्या गालावरची खळीही गेली. ती तिला आवडायची.

शेवटच्या दिवशी ती नवा टी-शर्ट घालून आली. तो पेढे घेऊन आला.

"पहिला तुम्हाला, मॅडम. सहावं स्थळ! मुलीनं बघितलं न् लगेच हो म्हणाली. सगळी तुमची कृपा."

त्याच्या मागून ती मुलगी, दिव्या, आत आली. भिंतीवर त्याचे दोन फोटो लावले होते, एक आधीचा, एक आत्ताचा. ते बघून ती खुदकन हसली. "अय्या, हा तू? असा आला असतास तर मी चहाचा ट्रे घेऊन बाहेरच आले नसते."

तो हसला, शेठही हसले. वर्षाली त्या आधीच्या फोटोकडे बघत राहिली. त्या माणसाला तिनं पहिल्याच आठवड्यात हो म्हटलं होतं; फक्त सांगायचं राहिलं होतं.

"मॅडम, पेढा खा ना."

"डाएटवर आहे," ती म्हणाली.

दिव्यालाही लग्नाआधीचं पॅकेज हवं होतं. शेठ खूश, एकाचे दोन मेंबर झाले. वर्षालीनं टेप काढून तिच्या कमरेभोवती धरली. आकडा काही दिसेना. डोळे पुसून तिनं टेप पुन्हा लावली.

"ताई, लग्न तोंडावर आलंय. जरा घाईनं करून द्याल ना?"

"घाई नको," वर्षाली म्हणाली. "तुम्ही आहात तशाच त्यांना पसंत आहात ना? मग सावकाश करू."