पोह्यांऐवजी पास्ता

मुलीच्या बापाने 'कळवतो' म्हटलं की समजायचं, विषय संपला. कोल्हारच्या कल्याणला हे आता पाठ झालं होतं. मुलीकडची मंडळी यायची, चहा प्यायची, गोठा बघायची, गाईंच्या पाठीवरून हात फिरवायची, प्रवरेच्या पाण्याचं तोंडभर कौतुक करायची. गाडीत बसताना मुलीचा बाप म्हणायचा, "बरं, मग कळवतो." त्यानंतर त्या माणसाचा फोन कधी लागेल तर शपथ!

खरं तर कल्याणमध्ये खोट काढायला जागा नव्हती. पोरगा धडधाकट, निर्व्यसनी, पाण्याखालची जमीन आणि दावणीला दहा गाई. पण हल्ली मुलींना आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आयांना कंपनीत नोकरी करणारा जावई हवा असतो. जावई पहाटे उठून धारा काढतो, हे त्या शेजारणीला सांगणार कशा? कल्याणला या गोष्टीचा आधी राग यायचा, मग हसू यायला लागलं, आणि अलीकडे नुसतंच वाईट वाटायचं.

अशात पंकजाचं स्थळ आलं. पंकजा नागापूरच्या एमआयडीसीत, एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामाला होती. तिने कल्याणला थेट फोनच केला.

"बघायला आमीच येतो तुमच्याकडं. पण पोहे न्हाईत करायचे. आजवर मी एवढ्या पोरांना पोहे करून घातलेत, की वास आला तरी मळमळतं. या टायमाला पोरानं करायचं. मला पास्ता आवडतो. मलईचा, चांगला तिखट. आन् दुसऱ्या कुनाचा हात लागता कामा नये."

"आन् न्हाई जमला तर?" कल्याणने विचारलं.

ती खळखळून हसली. तिचं ते हसणं कल्याणला इतकं आवडलं, की पास्ता म्हणजे नक्की काय हे माहीत नसताना त्याने हो म्हणून टाकलं.

बुधवार ठरला, कारण त्या आठवड्यात तिला कारखान्यात सकाळची पहिली पाळी होती आणि संध्याकाळ मोकळी. बन्सीनानांना, म्हणजे कल्याणच्या वडलांना, हे काही पटलं नाही. "पाव्हन्याला रांधून पोरगा घालनार? आन् आमी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?" असं ते दिवसभर पुटपुटत राहिले. कल्याणने मात्र मोबाईलवर बघून सोमवारी पास्ता एकदा करून पाहिला होता. तो बरा झाला. नानांनी तो शेवयांची भाजी समजून भाकरीबरोबर खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाले.

बुधवारी संध्याकाळच्या धारा आटोपून, दूध डेअरीला घालून कल्याण घरी आला तेव्हा पाहुणे निघाल्याचा फोन येऊन गेला होता. घाई होती, पण मोबाईलवरची बाई वीस मिनिटांत होतो म्हणत होती. त्याने पास्ता उकळायला टाकला. दुसऱ्या शेगडीवर लसूण भरपूर ठेचून तेलात टाकला, त्यावर कांदा, टोमॅटो आणि घरचं लालभडक तिखट. ठसका पुढच्या सोप्यापर्यंत गेला. नाना तिथूनच खोकले. आता मलई घालायची होती, आणि सोमवारी आणलेलं क्रीमचं पाकीट संपलेलं होतं.

"धा गाई दावनीला आन् साय इकत आनायची?" परसातून आईचा, लंकाबाईंचा, आवाज आला. "फ्रीजात खालच्या कप्प्यात पातेलं भरून ठिवलीय."

कल्याणने पातेलं काढलं. काय साय होती! दाट, पिवळसर, नुसती बघत राहावी अशी. दुधात बोट बुडवून फॅट सांगणारा हा गडी, गावात त्याचा तसा लौकिक होता. त्याने खुशीत सगळं पातेलं कढईत ओतलं, पास्ता घातला, हलवलं, गॅस बारीक केला आणि झाकण ठेवलं. तेवढ्यात अंगणात हॉर्न वाजला.

पंकजा आणि तिचे वडील आसाराम आले होते. पंकजाने गोठा आपणहून बघितला. परवा व्यालेल्या चांदी गाईजवळ ती थांबली, वासराला हात चाटू दिला आणि ओढणीला पुसला. कल्याण तिच्याकडे बघत राहिला आणि कढईला विसरला.

आठवण झाल्यावर तो धावत आत आला आणि झाकण उचललं. रस्सा गायब होता. पास्ता, टोमॅटो, तिखट, सगळं मिळून एकच घट्ट वडी झाली होती. त्याने चमचा खुपसला. चमचा उभाच राहिला.

लंकाबाई मागून डोकावल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "आरं देवा! चांदीचा चीक वतला व्हय त्यात? साय त्याच्या मागल्या पातेल्यात हाय!"

चांदीचा चीक त्याने स्वतःच्या हाताने काढला होता आणि आता स्वतःच्याच हाताने त्याचा तिखट खरवस लावला होता. बाहेर सोप्यात नाना आसारामांना उसाचा भाव सांगत होते. थोड्याच वेळात ताटं घ्यायची होती. मग मुलगी तोंड वाकडं करणार, बाप 'कळवतो' म्हणणार, आणि ते हसणं पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

"तू भाईर जाऊन बस," लंकाबाई हळूच म्हणाल्या. म्हणजे त्यांना हळू वाटलं तेवढं. "पास्त्याची दुसरी पुडी हाय. सोमवारी म्या बघितलंय समदं. मी करते, तुज्या हातचा म्हनून वाढते. तिला काय कळतंय?"

कल्याणला मोह झाला. अगदी हो म्हणण्याइतका झाला. आईच्या हातचं काही बिघडल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"नको आई," तो शेवटी म्हणाला. "तिनं माज्या हातचं मागितलंय. उद्या मीच असा बिघडलेला निघालो, तर माज्या जागी कुनाला पुढं करनार हाईस?"

त्याने परातीवर कढई उपडी केली. सगळा ऐवज थप्पकन खाली पडला, अख्खाच्या अख्खा, थरथरत. तसाच उचलून तो सोप्यात गेला आणि मधोमध ठेवला.

"पास्ता करायचा हुता," तो म्हणाला. कान तापले होते. "सायीऐवजी चीक पडला. मीच केलाय. फसलाय."

आसारामांनी परातीकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं. नाना छताकडे बघत होते. पंकजाने सुरी मागितली. कोपऱ्याची एक वडी कापली, बोटाने दाबून पाहिली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली. कारखान्यात ती असंच करत असणार. मग तिने ती तोंडात टाकली.

"तिखट हाय," ती म्हणाली. "मऊ बी हाय. पण याला पास्ता म्हनत न्हाईत."

आणि तिने दुसरी वडी कापली, पहिलीपेक्षा मोठी.

ते बघून आसारामांनी एक तुकडा चाखला, मिशी पुसली आणि आणखी घेतला. "आमच्याकडं खरवसात गूळ घालत्यात," ते म्हणाले, "पर हे बी वाईट न्हाई." शेवटी नानांनीही भाकरी मागवली. खरवस भाकरीबरोबर खाणारा जगातला तो पहिला माणूस असावा. लंकाबाई दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

निघायची वेळ झाली. आसाराम गाडीजवळ गेले, नानांचा हात हातात घेतला आणि कल्याणला नको होतं तेच बोलले.

"बरं, मग कळवतो."

कल्याणने मान खाली घातली. वाटलं, संपलं.

"थांबा की दादा," पंकजा वडलांना म्हणाली. ती कल्याणकडे वळली. "तुमच्या सैपाकघराच्या भिंतीला वर जाळी हाय. मावशींचं समदं बोलनं सोप्यात ऐकू येत हुतं."

लंकाबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं.

"आमच्या कामावर बिघडलेला पीस निघाला, की लोक चांगल्या मालाच्या खाली दडवत्यात. रोज तेच हुडकायचं काम करते मी. तुमी बिघडलेला उचलून माज्याम्होरं आनून ठिवला." ती थांबली. हसली नाही, पण आवाज मऊ झाला. "मी नोकरी सोडनार न्हाई, आदीच सांगते. कंपनीची बस राहुरीपर्यंत येती. तिथनं मला घ्यायला रोज कोन येनार, तेवढं तुमीच कळवा."

"मीच येनार," कल्याण म्हणाला. फार मोठ्याने म्हणाला, कारण गोठ्यात चांदीने मान वर केली.

तेव्हा पंकजा हसली, अगदी फोनवर हसली होती तशी. आणि उरलेल्या वड्या डब्यात भरून मागितल्या, उद्याच्या पाळीला न्यायला.