तटस्थांची पाळी

लुएला व्हॉन्ड्राच्या कोलाचींना पक्ष नव्हता. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात गर्भपाताबद्दलचं विधेयक आलं, की लुएला त्याच्या मागोमाग डबे घेऊन हजर. मधे खसखस नाहीतर सुकं आलुबुखार भरलेले ते गोड पाव ती आपल्या बाजूच्या सिनेटरांना द्यायची आणि पलीकडच्यांनाही. पलीकडचे जास्त खायचे. मत द्यायचं नसलं की माणसाला भूक बरी लागते, असं तिचं निरीक्षण होतं.

गावातल्या चर्चच्या बायका घेऊन ती पोटातल्या जिवांसाठी या इमारतीत येऊ लागली, तेव्हा तिचे केस काळे होते. समितीच्या दालनाबाहेरचा बाक एकच, त्यामुळे दोन्ही बाजूंना त्याच्यावरच बसावं लागे. गर्भपाताचा हक्क मागणारी मार्गो फिंच कॉफी आणायची, लुएला पाव. दोघी एकमेकींचं म्हणणं पाप समजत. पण लुएलाच्या गुडघ्याला डॉक्टर सुचवला तो मार्गोनंच.

या वेळचं विधेयक छोटंसं होतं. आतापर्यंतच्या कायद्यात आईच्या प्रकृतीला गंभीर धोका असेल तर डॉक्टरला गर्भ काढता येई. आता ‘मृत्यू समोर दिसत असेल तरच’ असं घालायचं होतं. गर्भपातविरोधी संघटनेचा राज्यातला प्रमुख ट्रेंट ओल्मर, वयानं लुएलाच्या मुलीएवढा, त्याला विधेयकाच्या बाजूनं साक्ष द्यायला लुएलाच हवी होती. कारण जोसी.

जोसी म्हणजे लुएलाची नात. कॅरिनला, म्हणजे लुएलाच्या मुलीला, पाचवा महिना होता तेव्हा, जन्माआधीच ती गेली. तिचं नाव ठेवलं होतं, बाप्तिस्म्याचा झगाही शिवून तयार होता. चर्चमागे तिचा छोटा दगड आहे.

“जोसीचं सांगा, लुएलाबाई,” ट्रेंट म्हणाला होता. “नाव, झगा, दगड. दवाखान्याचं तेवढं राहू द्या. लोक उगाच गोंधळतात.”

दवाखान्याचं असं होतं, की कॅरिनची पाणमोट वेळेआधीच फुटली. बाळ जगणार नाही यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत होतं. पण बाळाचं काळीज धडधडत होतं, आणि धोका पुरेसा गंभीर झालाय का, हे दवाखाना वकिलांना विचारत होता. वकील विचार करत होते. तेवढ्यात कॅरिनचा ताप चढत गेला. तो भरपूर चढल्यावर सगळ्यांना गर्भ काढायचा धीर आला. कॅरिन वाचली. पुन्हा मूल होणार नाही, एवढंच. तेव्हापासून ती रविवारी आईकडे जेवायला येईनाशी झाली.

साक्षीचं कळल्यावर मात्र तिनं फोन केला. “आई, सांगणार असशील तर सगळं सांग. नाहीतर माझ्या जोसीचं नाव घेऊ नकोस.” आणि फोन ठेवला.

सुनावणीची रीत ठरलेली. आधी बाजूनं बोलणारे, मग विरोधातले, शेवटी तटस्थ. साक्षीच्या टेबलावर छोटा दिवा. हिरवा असेतो बोला, पिवळ्यावर आवरा, लालवर गप्प. तटस्थांच्या पाळीला सहसा एखाद्या सरकारी खात्याचा कारकून उठे, आणि तोवर पत्रकार जेवायला गेलेले असत.

बाजूच्यांची पाळी आली. ट्रेंटनं वळून पाहिलं. लुएला बसून राहिली. शेजारच्या डोलोरेसनं, तिच्या चर्चमधल्या जुन्या मैत्रिणीनं, कोपर मारलं.

“अगं, ऊठ की.”

“गुडघा.”

“गुडघ्याला आत्ताच काय झालं?”

मग विरोधातले बोलले. मार्गो नेहमीचं बोलली, तेही नेहमीसारखंच चांगलं. लुएला तेव्हाही बसूनच. “तटस्थ कोणी?” असं विचारता विचारता सभापतींनी कागद गोळा करायला घेतले, आणि लुएला उठली. गुडघा अगदी ठणठणीत होता.

“मी लुएला व्हॉन्ड्रा. आयुष्यभर पोटातल्या जिवासाठी इथे आले, उद्याही येईन. जोसी माझी नात. तिला वाचवणं कोणाच्याच हातात नव्हतं. माझ्या मुलीला वाचवणं हातात होतं, आणि ज्यांच्या हातात होतं ते फोनची वाट बघत उभे होते. मी पण तिथेच होते. मी प्रार्थना करत होते, की देवा, तो ठोका थांबू दे. माझ्या नातीचा. या खोलीत ज्या ठोक्यासाठी मी इतकी वर्षं भांडले, तो.”

दिवा पिवळा झाला.

“हे जुन्या कायद्यात झालं. नव्यात तर अजून थांबतील. डॉक्टरनं थांबू नये, एवढं एक वाक्य त्यात घाला. बाकी माझं मत होतं तेच आहे.”

लाल दिवा लागला आणि ती गप्प झाली. नियम मोडायची तिला सवय नव्हती.

सभापतींनी चष्मा काढला. “पण बाई, तुम्ही विधेयकाच्या बाजूनं का विरोधात?”

“ते ठरवता आलं असतं तर आधीच नसते का उठले?”

समिती निर्णय नंतर कळवणार होती. बाहेर ट्रेंट म्हणाला, आपण यावर सवडीनं बोलू. शोकसभेला लावतात तसला आवाज होता. मार्गो दोन्ही हात पसरून पुढे आली.

“मी तुमच्यात आलेले नाही,” लुएलानं आधीच सांगून टाकलं.

“माहितेय गं. कॉफी निवतेय.”

परतताना चर्चच्या गाडीत कोणी तिच्याशी बोललं नाही. तिच्या शेजारच्या सीटवर फक्त रिकामे डबे. एरवी याच वाटेवर भजनं चालत. आपण या गाडीतून पुढच्या वेळी येऊ का, हे लुएलानं कोणाला विचारलं नाही.

शहर मागे पडल्यावर डोलोरेसनं डबे उचलून खाली ठेवले आणि तिथे येऊन बसली.

“कॅरिन कशी आहे?” मग तिनं विचारलं.

वर्षभरात जोसीच्या दगडावर या सगळ्याजणींनी आळीपाळीनं फुलं ठेवली होती. हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

“माहीत नाही,” लुएला म्हणाली. “मी पण तिच्याशी जोसीबद्दलच बोलत आले.”

“मग विचार की आत्ता. आम्ही खिडकीबाहेर बघतो.”

लुएलानं पर्समधून फोन काढला. गाडीतल्या सगळ्या बायका खिडक्यांकडे वळल्या, आणि कापलेल्या मक्याच्या त्या मैलोन्‌मैल खुंटांकडे, जिथे बघण्यासारखं काहीच नसतं, मन लावून बघू लागल्या.